हवा नुसती हलवायची

मुराकामी, १८ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते. चिनात्सु बाळंत झाली, साडेतीन महिने आधीच! मुलगी आहे. वजन सातशे वीस ग्रॅम. आमचे हे अंगणात सॅल्मन मासे वाळायला टांगत होते. म्हणाले, यातला लहानातला लहान मासासुद्धा तिच्या चौपट भरेल. म्हणाले आणि तिथेच डोळे पुसत बसले.

श्वासाचं साधं यंत्र दोन दिवस लावलं, त्यानं भागेना. आता दुसरं लावलंय, आणि ताई, ते पोरीला थरथरवतं गं! आजीला आत सोडत नाहीत, मी काचेतून बघते. छाती वरखाली होतच नाही, नुसती थरथरते. मिनिटाला नऊशे वेळा म्हणे! माणसाचं लेकरू आहे की चिमणी? तुझा जन्म असल्या पोरांत गेला. हे बरं की वाईट, तेवढं कळव.

चिनात्सुला मी बजावलंय, रोज आत जाऊ नकोस, जीव गुंततो.

तुझी,
किनू

मात्सुमोतो, २२ नोव्हेंबर

चि. सौ. किनूस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून कोंबडीनं माती उकरल्यासारखंच आहे, पण पत्र पोचलं. आधी धीर धर. ते यंत्र चांगलं आहे.

आमच्या वॉर्डात ते चौऱ्याऐंशी साली आलं. इतका आवाज करायचं, की आम्ही त्याला रातकिडा म्हणायचो! हेड नर्स म्हणाल्या, हे इथून हलवा, नाहीतर मी जाते. दोघंही राहिली. काय दिवस होते गं ते! मी त्या यंत्राजवळ डबा खायची आणि लोणच्याच्या वासावरून बोलणी खायची.

साधं यंत्र प्रत्येक श्वास आत ढकलतं. कच्ची फुफ्फुसं ओल्या कागदासारखी, ती फाटतात. हे यंत्र त्यांना उघडं धरून ठेवतं आणि आतली हवा नुसती हलवतं. ढकलाढकली नाही. चिनात्सुला म्हणावं, थरथर बेंबीपर्यंत पोचते का बघत जा. पोचली की समजायचं, बाई कामाला लागल्यात.

पण तिला जाऊ नको सांगणारी तू कोण? रोज जाऊ दे. हात ठेवू दे.

उत्तर लिहिशील एवढा लोभ असू दे,
ताई

मुराकामी, २७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरगी आहे तशीच आहे. माझं ऐकून चिनात्सु चार दिवस गेलेली नाही. घरी बसून दूध काढते आणि नवऱ्याच्या हाती पाठवते.

मी कोण, विचारतेस? एकसष्ट साली माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात झालं, तेव्हा मला काय सांगितलंस, आठव. मी कॉटवरून उठत होते, आणि तू नर्सच्या टोपीत दारात उभी. म्हणालीस, बघू नकोस, म्हणजे विसरशील. मी ऐकलं. आता तेच लेकीला सांगितलं, तर मी वाईट?

किनू

मात्सुमोतो, १ डिसेंबर

चि. किनू,

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही.

आईनं आणि डॉक्टरांनी ठरवलं होतं, तुला दाखवायचं नाही. मी चोवीस वर्षांची होते, हो म्हणाले. चूक माझीही आहे.

तो सकाळी दहाला झाला आणि दुपारी चारला गेला. तेव्हा यंत्र कुठलं? हातानं दाबून हवा भरायची रबरी पिशवी होती. तुझ्या दारातून वळले आणि ती मी सहा तास दाबली. बोटं वळली तरी कोणाला हात लावू दिला नाही. रंग उतरला की अजून जोरात दाबायची. शेवटी डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला केला.

आणि चौऱ्याऐंशी साली कंपनीचा माणूस ते नवं यंत्र समजावत होता. म्हणाला, जोराच्या दाबानंच ही फुफ्फुसं फाटतात. मी वह्या आणायचं निमित्त करून बाहेर गेले. किनू, मी त्याला वाचवत होते की काय करत होते, मला अजून माहीत नाही. म्हणून पुढची सगळी वर्षं त्या यंत्राला चिकटून राहिले.

तुझ्यापासून दोन पावलांवर होता तो. विसरलीस का तू? नाहीस. मग लेकीला दाराबाहेर बसवू नकोस.

रागव, पण पत्र पाठव.
ताई

मुराकामी, १६ जानेवारी १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. आधी रागात होते, मग पळापळीत.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चिनात्सुला गाडीत बसवून नेलं. ती बाळाच्या काचपेटीत हात घालायला घाबरत होती. काचेबाहेरून मीच खुणा करत होते, ठेव गं, ठेव! तिनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीनं काही केलं नाही. पण चिनात्सु दोन तास उठली नाही. एकोणिसाव्या दिवशी थरथरवणारं यंत्र निघालं. साध्या यंत्रावर थोडे दिवस गेले. आता फक्त नाकाशी नळी आहे. वजन बाराशे दहा. नाव मिनोरी. परवा दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. मांजराच्या पिल्लासारखा, पण रागीट.

ताई, मी तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी ते हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, म्हणजे आपल्या घरातलं कोणीतरी होतं त्याच्याजवळ. सदतीस वर्षं मी समजत होते, तो एकटा गेला. सहा तास माझी बहीण त्याला धरून होती, आणि हे तू मला सांगितलं नाहीस! राग आहे तो याचा. पिशवीचा नाही. पिशवीचं मनातून काढ.

तुझ्या पत्रात सगळं आहे, फक्त तो दिसायला कसा होता ते नाही. केस होते का? नाक कोणाचं होतं? मला वाईट वाटेल म्हणून काही वगळू नकोस. तेवढंच लिही, दुसरं काही नको.

तुझी,
किनू