अण्णांचा एसजीपीटी

३ जानेवारी, सकाळी ६
आजपासून अण्णांच्या लिव्हरचा चार्ज माझ्याकडे. हॉस्पिटलने हात वर केले. कॅन्सर पसरलाय, आता घरीच सांभाळा, म्हणाले. त्यांना काय कळतंय! एसजीपीटी नावाचं लिव्हरचं एन्झाइम चाळीसच्या आत हवं, वडिलांचं २१२ आहे. होळीपर्यंत चाळीसवर आणतो. कारलं, पालक, गव्हांकुर यांचा रस, दिवसातून तीन ग्लास. मासे बंद. फ्रिजवर तक्ता लावला. अनुपमा तक्ता बघून हसली. बायको म्हणून एवढाच उपयोग.

५ जानेवारी
अण्णांनी ग्लास संपवला. कसा आहे विचारलं. झकास, म्हणाले. मिलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, शिस्त अंगात आहे. मग बांगड्याचं तिखलं मिळेल का, असं विचारलं. नाही म्हटलं. एसजीपीटी उतरला की बघू.

९ जानेवारी
सिस्टर जयंती आल्या. कुठल्याशा ट्रस्टच्या, घरोघरी जाऊन पेशंट बघतात. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, पाठ पुसली. डाएटचं ज्ञान शून्य. म्हणे आवडेल ते खायला द्या, रक्त तपासणं थांबवा. मग तक्त्यात काय भरू? बाईंना चहा विचारला नाही. अनुपमाने दिला. बिस्किटांसकट.

१४ जानेवारी
ऑफिसच्या चेकअपसाठी रक्त दिलं. नंतर साकीनाक्याला दोन समोसे, एक शेजवान डोसा. सेवा करणाऱ्याने खाल्लंच पाहिजे.

१९ जानेवारी
अनुपमाला रंगेहाथ पकडलं. गॅसवर तिखलं! पातेलं उचलून खाली वॉचमनला देऊन आलो. अण्णा वासाने जागे झाले होते, दाराकडे बघत होते. अनुपमा बोलली, तासभर. त्यानंतर अबोला धरलाय. घर शांत आहे, बरं आहे.

२४ जानेवारी
लॅबवाल्याला शीर सापडेना. चौथ्यांदा टोचल्यावर सापडली. नालायक! अण्णांचा हात काळानिळा झालाय. डोळे पिवळे वाटतात, पण आमची ट्यूबलाइटही जुनी आहे. रस अर्धा ग्लासच गेला. तरी झकास म्हणाले.

२५ जानेवारी
एसजीपीटी ९६!!! फॅमिली ग्रुपवर टाकलं. सदतीस अंगठे. सिस्टर जयंतींना मुद्दाम फोन करून आकडा दोनदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, लिव्हरच उरलं नसेल तर एन्झाइम येणार कुठून?
जळतात लोक.

२५ जानेवारी, संध्याकाळी
नेटवर पाहिलं. नेटवरही तेच लिहिलंय. तक्ता काढला. फ्रिज अगदी ओकाबोका दिसायला लागला, म्हणून परत लावला.

२७ जानेवारी
स्वतः जाऊन बांगडे आणले. अनुपमाने एक शब्द न बोलता तिखलं केलं. अण्णांना गिळता येईना. सिस्टर जयंतींनी कापूस त्या सारात बुडवून ओठांवरून फिरवला. अण्णांनी जीभ फिरवली. डोळे मिटूनच म्हणाले, मीठ कमी आसा. अनुपमा हसत हसत रडायला लागली. मला तिच्यावर चिडायचं होतं, पण राहून गेलं.

२९ जानेवारी
अण्णा गेले. सकाळी नऊला, झोपेतच.

११ फेब्रुवारी
काल तेरावं झालं. आज ऑफिसच्या चेकअपचा रिपोर्ट उघडला, ड्रॉवरमध्ये पडून होता. माझा एसजीपीटी १३४. फॅटी लिव्हर. घाबरायचं कारण नाही, औषध घरात आहे. कारलं, पालक, गव्हांकुर.
एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावलो.
तीन आठवडे, दिवसाला तीन ग्लास. मी एकदाही चाखून बघितला नव्हता. अनुपमाला विचारलं, मग अण्णा रोज झकास का म्हणायचे? ती म्हणाली, तू ग्लास घेऊन समोर उभा असायचास ना, म्हणून.
ग्लास अजून भरलेला आहे. ती समोर उभी आहे. झकास म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून निघेना.