टाकीमागची जागा

जळगाव, बुधवार

प्रिय पलक,

काल मी तेजसची माफी मागितली. मेसेज टाकून नाही, धरणगावची बस पकडून त्याच्या घरी जाऊन. त्याच्या आईने चहा दिला आणि तो बिचारा माझ्याकडे न बघता नुसती बिस्किटं पुढे सरकवत राहिला. मागच्या महिन्यात ऑनलाइन गेमच्या टीममधून काढताना मी त्याला सगळ्यांसमोर जळकुकडा म्हटलं होतं, तेही तुझ्यासाठी.

तू धुळ्याला गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता शाळेतली मैत्रीण संपली. या गेमने आपल्याला रोज संध्याकाळी एकत्र बसवलं. तेजस ढाल घेऊन पुढे, मी मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरणार, आणि समोरच्यांना मारायचं मुख्य काम तुझं. ओळीने नऊ मॅच हरलो. प्रत्येक मॅचनंतर आकडे यायचे, त्यात मारण्याचा तुझा आकडा कधीकधी माझ्याहूनही खाली, आणि मी तर औषधवाली. सगळं मीच करते म्हणून तेजस वैतागायचा, ‘बठ्ठं तूच करस, ती काय करस?’ मग मी तुझी वकिली सुरू करायचे. धुळ्याचं नेट रडकं आहे, दुकानात गिऱ्हाईक आलं की तिला उठावं लागतं, तिचा माउस अडकतो. वर मला स्वतःचंच कौतुक, कारण जखमा भरण्याचा माझा आकडा फुगत चालला होता. तू कुणाला मारत नव्हतीस म्हणून आम्ही मार खात होतो आणि म्हणून तो फुगत होता, एवढी साधी गोष्ट फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला असून माझ्या डोक्यात शिरली नाही.

शनिवारी दुपारी मी एकटीच अनोळखी लोकांत खेळायला बसले. समोर ‘काजळरेघ’ नावाची कुणी होती. तिने आमच्या लोकांना अक्षरशः उभं राहू दिलं नाही. मी पळत जाऊन पाण्याच्या टाकीमागे लपले. ती सरळ तिथेच आली, दोनदा खाली बसून उठली आणि तिने मला मारलं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. पलक, ती जागा मी फक्त तुला दाखवली होती, जखमी झालीस तर धावत माझ्याकडे येता यावं म्हणून. आणि गोळी झाडण्याआधी दोनदा उठाबशा काढणारी माझ्या ओळखीत एकच आहे. मग मी त्या नावाचा सगळा हिशेब उघडून बघितला. दिवाळीपासून नाशिकच्या कुठल्याशा टीममध्ये तू सगळ्यांत वर. आपण मॅच हरलो त्या दिवशीसुद्धा, नेट गेलं म्हणून तू उठलीस त्यानंतर अर्ध्या तासात तू तिकडे खेळत होतीस.

राग हरण्याचा नाही गं. तुला खेळता येत नसतं तर मी जन्मभर तुझ्या जखमा भरत बसले असते, आणि आनंदाने. पण तुला येत होतं. आमच्यात तू फक्त हजेरी लावत होतीस. मी तेजसला काढलं तेव्हा तुझा माइक चालू होता, तुमच्या दुकानातल्या पंख्याची घरघर मला ऐकू येत होती. तू एक शब्द बोलली नाहीस. उलट नंतर म्हणालीस, अफरीन, तू नसतीस तर माझं काय झालं असतं. काल तेजस म्हणाला, तिला आपली टीम सोडून तुझं मन मोडवत नसेल. ते ऐकून जास्तच लागलं. तू माझ्यावर दया म्हणून खेळत होतीस आणि मी त्याला मैत्री समजत होते.

रविवारच्या स्पर्धेसाठी नावं देण्याची मुदत उद्या संध्याकाळी संपते. यादी माझ्याकडे आहे. ढालीच्या जागी तेजस परत आला आहे. तुझ्या जागी मी त्याची बहीण दिपमाला हिचं नाव लिहिलं आहे. तिला अजून नीट नेम धरता येत नाही. तुला फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी तिचं नाव खोडून तुझं लिहिलं असतं, माझ्यावर माझा एवढाही भरवसा नाही. पत्र धुळ्याला पोचायला तीन दिवस तरी लागतील. तोवर यादी गेलेली असेल.

अजून तरी तुझीच,
अफरीन