वेगळी बशी

प्रिय सूनबाई,

तुला असं म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, कोण जाणे. चार वर्षांपूर्वी कागदोपत्री आपलं नातं संपलं. दुसरं काहीतरी लिहून पाहिलं, पण पेन अडलं. तेव्हा जुनंच राहू दे. आवडलं नाही तर खोडून टाक, मी काही पाहायला येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात, पण माझं ऐकतात. शिवणाचं दुकान आता फक्त सकाळचं उघडते. नवीन कपडे घेत नाही, दुरुस्ती तेवढी करते. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की निम्मी गल्ली कंबर सैल करून घ्यायला येते आणि सुट्ट्या संपल्या की उरलेली निम्मी. मशीन तेच आहे, कुरकुरणारं. तू त्याला तेल घालायचीस, तेवढं मात्र आता कुणी घालत नाही.

काल मी दुकान उघडलंच नाही. काल दिवसभर मी तुझी ती फरसबी करत होते. बेकनची पट्टी गुंडाळलेल्या शेंगांच्या जुड्या, तू दर वर्षी जेवणाआधी ताटभर आणायचीस त्या. हसू नकोस. सकाळीच खाटकाकडे गेले आणि म्हटलं, बेकन अगदी पातळ काप. तो म्हणाला, किती पातळ? मी म्हटलं, खाली धरलेला हात दिसला पाहिजे. तर म्हणतो, "मावशी, हे मांस आहे, अस्तराचं कापड नाही." पण कापून दिलं हो त्यानं, छान दिलं.

पहिलं ताट वाया गेलं. पट्ट्या आखडून जळक्या झाल्या, शेंगा आत कच्च्याच, आणि अर्ध्या जुड्या सुटून ताटभर पसरलेल्या. मी ओव्हनला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मग खुर्चीत बसले आणि तुझे हात आठवायला लागले. तू शेंगा आधी मिठाच्या उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढायचीस, लगेच गार पाण्यात टाकायचीस आणि पंच्यावर पसरून कोरड्या करायचीस. सहा सहा शेंगांची जुडी, टोकं एका रेषेत. आणि पट्टी आडवी नाही, तिरकी गुंडाळायचीस, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. अगं, बाहीच्या कडेला मी गोट लावते तो तिरक्याच पट्टीचा लावते! अकरा वर्षं शेजारी उभी राहून मला हे दिसलं नव्हतं. पट्टीचं टोक खाली दाबून जुडी ठेवायची, म्हणजे टूथपिक लागत नाही. वर मिरपूड, आणि काढायच्या पाच मिनिटं आधी मधाचा हात. दुसरं ताट साधलं. उभ्या उभ्या चार जुड्या खाल्ल्या.

आता तुझ्या भुवया वर गेल्या असतील. आईंनी खाल्ल्या? आईंना तर बेकनचा वासही सहन होत नाही.

ऐक तर मग. तुझ्या लग्नानंतरचं पहिलंच वर्षअखेरचं जेवण. लांब टेबल, वीसेक माणसं, आणि तू नवी नवरी ताट घेऊन आलीस. घरातली मोठी म्हणून पहिली जुडी माझ्या बशीत वाढलीस. मी काय केलं, आठवतं? सुरी-काट्यानं पट्टी सोडवली, बशीच्या कडेला ठेवली आणि आतल्या शेंगा तेवढ्या खाल्ल्या. सगळं टेबल माझ्या बशीकडे बघायला लागलं. तुझा चेहरा उतरला तो मला दिसला. माझ्या घरच्यांना वाटलं, हिला सुनेचं केलेलं रुचलं नाही. तुला वाटलं, सासूनं भरल्या पंगतीत पहिल्याच दिवशी जागा दाखवली.

पोरी, मला ते कसं खातात हेच माहीत नव्हतं. पक्की शिलाई होईपर्यंत कापड जागेवर राहावं म्हणून आम्ही कच्चे टाके घालतो आणि काम झालं की तो दोरा ओढून फेकून देतो. जन्मभर तेच केलेलं. मला वाटलं, शेंगा भाजताना एकत्र राहाव्यात म्हणून ही पट्टी बांधली असेल, आता काढून टाकायची. एवढंच! तेवढ्यात तुझ्या सासऱ्यांनी मला सांभाळून घ्यायला म्हटलं, "हिला त्याचा वास चालत नाही गं." आणि मी मान हलवली. वीस माणसांत, तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीसमोर, मला येत नाही म्हणायची लाज वाटली. मान हलवणं सोपं होतं.

पुढच्या वर्षी तू माझ्यासाठी वेगळी बशी आणलीस. साधी उकडलेली फरसबी, वर चमचाभर लोणी. "आई, ही तुमची." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण एक वर्षाचं खोटं दुसऱ्या वर्षी आणखी जड झालेलं असतं. मग दर वर्षी सगळे बोटं चाटत आणि मी आपली उकडलेल्या शेंगा चावत बसे. एकदा स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून एक उरलेली जुडी तोंडात टाकली आणि नेमकी तू आत आलीस. मला ठसका लागला. तू पाठ चोळलीस, पाणी दिलंस आणि म्हणालीस, आता जरा बसा, फार दमता तुम्ही. त्या दिवशी मला स्वतःची फार शरम वाटली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पुढचं नाही नेता येत.

अकराव्या वर्षीचं जेवण आठव. तू आणि मी ओट्याशी उभ्या होतो, तू जुड्या वळत होतीस. मधेच विचारलंस, "आई, हे हल्ली इतके गप्प का असतात? तुमच्याशी काही बोलले का?" मी म्हटलं, कामाचा ताण असेल. तुझा हात जरासा थांबला, मग तू पुढची पट्टी उचललीस.

मला माहीत होतं. जेवणाच्या दोन आठवडे आधी माझ्या मुलानं मला सांगितलं होतं की नोकरीच्या गावी त्यानं दुसरं घर मांडलंय. म्हणाला, सुट्ट्या जाऊ देत, मग मीच सांगतो तिला, तू काही बोलू नकोस. आणि मी बोलले नाही. मुलगा म्हणून नाही, त्याच्यावर तर मी संतापले होते. बोलले नाही, कारण तेव्हाही मान हलवणं सोपं होतं. तू त्या दिवशी त्याला आवडतात म्हणून शेवटच्या दोन जुड्या बाजूला काढून ठेवल्यास. मी बघत होते.

नंतर तू सामान न्यायला आलीस, तेव्हा जिन्यात मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "आई, त्यानं तुम्हालाही अंधारात ठेवलं." पहिल्यांदाच तू त्याला एकेरीत बोललीस. मी ती मिठी घेतली. ती माझी नव्हती, तरी घेतली. चार वर्षं मला तीच टोचते आहे.

परवा रविवारी आपली चिंगी आली होती. केवढी उंच झालीय, तिच्या तीन फ्रॉकांच्या खालच्या दुमडी उसवून लांबी वाढवून दिली. जाताना म्हणाली, "आजी, यंदाचं जेवण आमच्या नव्या घरी आहे, आईनं तुला बोलावलंय." मला इतका आनंद झाला की सुईत दोरा ओवेना. मग ती म्हणाली, "आणि आईनं सांगितलंय, तुझी साधी फरसबी वेगळी काढून ठेवणार आहे." मी सुई खाली ठेवली. इतकं सगळं होऊन तू माझं खोटं एवढ्या मायेनं जपून ठेवलंस. त्या बशीतलं आता मला गिळवणार नाही, म्हणून आधी हे लिहिलं. वाचून मला बोलवावंसं तुला वाटलं नाही, तर काही कळवू नकोस. चिंगीला मी गुडघ्याचं निमित्त सांगेन, तुला बोल लागू देणार नाही. आणि तरीही मी यावं असं तुला वाटलं, तर मी दुपारीच येईन, तुझ्या शेजारी उभी राहून जुड्या वळेन. फक्त माझ्यासाठी वेगळी बशी ठेवू नकोस.

तुझीच,
सासू