समाधान, सकाळी दहा ते सायंकाळी सहा

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ७.
आजपासून नोकरीत समाधान मानायचे. निश्चय पक्का.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. उभी हयात छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. निवृत्तीनंतर मालकांचे नातू चि. तेजस यांनी शनिवार पेठेतील आपल्या फ्लेक्सच्या दुकानात मला आग्रहाने बोलावून घेतले. (सौ. त्यांना भेटून आल्यावर आठवड्याच्या आतच हे घडले. योग माणसाला शोधत येतो तो असा.) काम : वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या फलकांवरील मजकूर तपासणे. ज्या डोळ्यांनी शब्दकोशाची मुद्रिते वाचली, त्याच डोळ्यांनी आता ‘वाघाच्या काळजाचा माणूस’ वाचायचे. असमाधान याचेच.

फलकांची मांडणी करणारी कु. ऋतिका (मूळची अमरावतीची) शनिवारी म्हणाली, ‘काका, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? जॉब एन्जॉय करा ना.’ वाक्यरचना सदोष, आशय ग्राह्य.

म्हणून : तक्रार करायची नाही. सहकाऱ्यांत मिसळायचे. कामात स्वतःची भर घालायची.

सायंकाळी ७.
तक्रार न करणे उद्यापासून. आजचा चहा अक्षम्य गोड होता.

बुधवार, ८ जानेवारी.
आज प्रथमच समाधान लाभले. श्री. हिंमतराव यांच्या वाढदिवसाचा फलक आला होता. ‘भावी नगरसेवक.’ मध्यभागी काळ्या चष्म्यात ते, भोवती शुभेच्छुकांच्या छबींच्या रांगा. मजकूर निर्दोष. परंतु छबींच्या क्रमाला कसलेही तत्त्व नाही! कोण वर, कोण खाली, सारा मनमानी कारभार. ऋतिका जेवायला गेली असता स्वतः संगणकापाशी बसलो आणि सर्व शुभेच्छुक नावांनुसार अकारविल्हे लावले. दुपार गेली. फलक दृष्ट लागावा असा झाला. थेट छपाईला पाठवला.

कामात स्वतःची भर घालणे, ती हीच.

गुरुवार, ९ जानेवारी.
हिंमतरावांची माणसे दुकानात आली. पुष्कळ होती.

झाले ते असे. फलकाचा खर्च उचलणारे श्री. सुदर्शन अकारविल्ह्यानुसार शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात गेले. आणि दिवाळीत गट सोडून दुसरीकडे जाऊन आलेले आप्पासाहेब ‘आ’मुळे थेट हिंमतरावांच्या खांद्याशी आले. रात्रीतून फलक चौकात लागला. सकाळी सगळ्यांनी पाहिला. आप्पासाहेबांनी पेढे वाटल्याचे कळते.

सुदर्शन म्हणाले, ‘काका, मी मेलोय का, शेवटाला टाकायला? आन् पैसं कुणी दिलं?’ शब्दकोशातही हाच क्रम असतो, हे मी शांतपणे निदर्शनास आणले. त्यावर ते म्हणाले, ‘डिक्शनरी इलेक्शनला उभी ऱ्हाती काय?’

प्रश्न सकृद्दर्शनी चमकदार असला तरी गैरलागू होता. तेजस मात्र हात जोडून उभे राहिले आणि दुसरा फलक विनामूल्य छापून दिला. तरुण पिढीत कणा नाही.

शनिवार, ११ जानेवारी.
बढती. तेजस यांनी मला ‘सल्लागार’ नेमले. खुर्ची आता आत, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागे. एकांत उत्तम. ‘मजकूर आधी ऋतिका बघेल, काही अडलं तरच तुमच्याकडे पाठवू, काका. तुम्ही निवांत पेपर वाचा.’

दिवसभरात काहीच अडले नाही. माझी शिकवण ऋतिकेत इतकी मुरली असेल, याची कल्पना नव्हती.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.
सौ. ने दुकानातल्या सर्वांसाठी तिळाचे लाडू दिले. हल्ली माझा डबाही ती आठलाच भरून दाराशी ठेवते. मी निघतो साडेनऊला. एवढी काळजी.

लाडू बांधताना तिला सांगितले की, नोकरी सोडण्याचा विचार आहे. एकटीने घरात दिवस काढतेस, तुला सोबत होईल. तिचा हात थांबला. म्हणाली, ‘अहो, तुमच्यावाचून त्यांचं दुकान चालेल का?’ मी म्हणालो, अवघड आहे, पण शिकतील. म्हणाली, ‘कंटाळा आला म्हणून लगेच सोडायचं? मन रमवा की जरा. माणसानं कामात समाधान मानावं.’

गहिवरून आले. मी निघेपर्यंत बाल्कनीत जाऊन ती तेजस यांच्याशी फोनवर बराच वेळ बोलत होती. माझ्या मानापमानाची तिला इतकी चिंता!

शुक्रवार, १७ जानेवारी.
निर्णय झाला. अशा पत्नीला एकटी ठेवणे योग्य नव्हे. पुढील दिनक्रम आखला आहे : सकाळी तिला वृत्तपत्र वाचून दाखवणे, चुकांसह. मग मंडईत भाजी घेताना मार्गदर्शन. दुपारी स्वयंपाकघरातील डबे अकारविल्हे लावणे. आज ओवा आणि हळद शेजारी आहेत. सायंकाळी संभाषण.

तेजस यांना सांगितले. त्यांचा चेहरा पडला. ‘काका, असं नका करू. मी काकूंना शब्द दिलाय.’ कसला शब्द, ते बोलले नाहीत. माझा मान राखण्याचाच असणार.

ऋतिकेने विचारले, ‘काकूंना विचारलं काय तुम्ही?’ आनंदाच्या बातम्या विचारून देत नसतात, असे उत्तर दिले.

सोमवार, २० जानेवारी. सायंकाळी.
सकाळी राजीनामा तेजस यांच्या हाती दिला. त्यांनी तो न वाचताच खिशात ठेवला. मंडईजवळ गजरा घेतला. दुपारच्या बसने कात्रजला घरी आलो. सौ. ला चकित करायचे होते.

दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा वरून हसणे ऐकू आले. मोठ्याने, मोकळे. शेजारच्या चंपाताई हसत होत्या, हे ओळखू आले. दुसरे हसणे कोणाचे, हे कळायला वेळ लागला.

दार लोटलेले होते. सौ. गोष्ट सांगत होती. लग्नानंतर तिचे वडील तिला भेटायला प्रथमच पुण्यात आले, त्याची. ही गोष्ट तिने माझ्यासमोर अनेकदा सांगायला घेतली आहे. ‘ब्याऐंशी साली’ अशी ती सुरुवात करते. साल एक्याऐंशी. ते मी सांगतो. मग ती म्हणते, राहू दे.

आज तिने ब्याऐंशीच सांगितले. मी जिन्यात उभा होतो. काही बोललो नाही.

वडिलांना घर सापडेना. फिरत फिरत ते एका लग्नाच्या मांडवात शिरले. लोकांना वाटले, नवऱ्याकडचे काका. फेटा बांधला, पंक्तीत मानाच्या पाटावर बसवले. यांनी संकोचाने काही विचारले नाही. शहरात मुलीच्या सासरी अशीच रीत असेल, असे समजून जेवले. जाताना यजमानीणबाईंच्या पाया पडू लागले आणि म्हणाले, ‘पोरीला एकदा डोळ्यांनी बघू द्या, मग निघतो.’ तेव्हा सारा उलगडा झाला. त्या बाईंनीच मग टांगा करून त्यांना आमच्या दारात आणून सोडले.

सासरे फेटा बांधून आलेले मला आठवतात. का, ते मी कधी विचारले नव्हते.

सांगताना ती वडिलांसारखी बोलत होती, यजमानीणबाईंसारखी बोलत होती. शेवटाला हसत होती की रडत होती, जिन्यातून समजले नाही.

मी दार उघडले. दोघीही थांबल्या. चंपाताई ‘दूध ठेवलंय गॅसवर’ म्हणत उठल्या. सौ. ने पदर सावरला. ‘अहो, आत्ता? काढलं का तुम्हाला?’

ती घाबरली होती. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर मी असे भय पाहिले नव्हते. किंवा पाहिले असेल.

म्हणालो, छे, चष्मा विसरलो होतो.

चष्मा नाकावरच होता. दोघींपैकी कोणीही ते दाखवून दिले नाही.

आत जाऊन थोडा वेळ काहीतरी शोधल्यासारखे केले आणि परत बस धरली. पेठेत उतरलो तेव्हा गजरा पिशवीतच होता. ऋतिकेने तो दुकानातल्या गणपतीला घातला.

मंगळवार, २१ जानेवारी.
राजीनामा मागे घेतला. तेजस यांनी तो फाडूनच ठेवला होता. त्यांना सांगितले की, यापुढे सातपर्यंत बसत जाईन. रविवारीही येईन. ते म्हणाले, ‘काका, रविवारी दुकान बंद असतं.’ म्हणालो, किल्ली देऊन ठेवा.

दिली.

आज एकही मजकूर तपासायला आला नाही. गुंडाळ्यांमागे ऊन चांगले येते. नोकरी वाईट नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सौ. ने विचारले, ‘काम फार होतं का?’ हो, म्हणालो. आता रोजच असणार, रविवारीसुद्धा.

ती म्हणाली, ‘बरं झालं.’