पाच वर्षांचं ब्रेक ऑइल

शनिवार, ८ मार्च २०१४. दार्सैत

स्वतःचीच किळस येतेय. काल इथली आखातातली शुक्रवारची सुट्टी; रुस्ताकहून येताना डोंगरउतारावर ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं. मागे सुनीता, तिच्या मांडीवर आमची सई झोपलेली. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत कशीबशी थांबवली.

आज मेकॅनिकने ब्रेक ऑइल काढून दाखवलं. काळं, गटारासारखं.

"गाडी तो सिर्फ जुम्मे को निकलती है," मी म्हणालो.

"खडी गाडी का तेल भी पानी पकडता है, भाई. उतार पे गरम हुआ, उबला, तो ब्रेक गया."

पाच वर्षं तेच काळं पाणी. सुनीता दर सर्व्हिसला विचारायची, ते बदलायचं नाही का? मी हसायचो.

संध्याकाळी तिने विचारलं, "काय झालं होतं?"

म्हणालो, "गाडी जुनी झाली."

इतका कसा मी हलकट? आणि तिने लगेच मानलं.