शाळेच्या सभेतलं ‘नाय महाराजा’

गुरुजी, आपल्या शाळेची निवडणूक झाली आणि माझी बायको समितीची अध्यक्ष झाली. इकडे राजस्थानात आमची टोळी सोलरच्या प्लेटी बसवते. इथे दिवसभर सगळ्यांना सांगत सुटलो, पण त्यांना त्यातलं काय कळणार? एकाने विचारलं, पगार काय मिळणार तिला? म्हटलं, पगार नाही, शिव्या मिळतील. मग तुमची आठवण आली.

शाळेला नवी कौलं आली होती तेव्हाची. तुम्ही ती छपरावर चढूच दिली नाहीत. आधी अंगणात मांडलीत, आयाबापांना शेतावरून बोलावलंत आणि म्हणालात, “पैशाने आलेला माल हा. आता पोरं बघा.” एकेकाला पायरीवर उभं करून वाचायला लावलंत. मी काजूच्या झाडावर चढून बसलेला. तुम्ही खाली येऊन उभे राहता, मला वाटतं आता छडी. तर सगळ्या गावादेखत म्हणता, “उतर. तुला वाचता येत नाही ही माझी चूक. दोघं मिळून निस्तरू.” बरीचशी निस्तरलीत. पुढे मीच टिकलो नाही. पाय एका जागी राहत नाहीत माझे. हातखंब्याला टायरच्या दुकानात, राजापूरला हॉटेलात, मग गोवा, आता ही वाळू.

तर सभा. माझी मुलगी तिसरीला आहे. कविता तोंडपाठ, धडाधड म्हणते. पुस्तक समोर धरलं की गप्प. बायकोच्या जिवाला तेवढाच एक घोर. ती सभेला गेली आणि मलाही दिसावं म्हणून व्हिडिओ कॉल चालू ठेवून फोन खिडकीत टेकवला. अध्यक्ष आपले तात्या, देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे तेच. नातवाचे पालक म्हणून इतकी वर्षं खुर्ची त्यांच्याकडेच. ते खर्च वाचायला उठले. ओटा झाला, रंग झाला, वर्गात चित्रं आणि अक्षरं काढून बोलक्या भिंती झाल्या. वाचता वाचता आवाजाला आपोआप गाऱ्हाण्याची लय चढली, आणि प्रत्येक खर्चामागे सगळी सभा, देवळातल्यासारखी, “व्हय महाराजा!” कुणी ठरवून नाही, तोंडाला सवयच ती. मीसुद्धा इथे उन्हात उभा राहून एकदा ओरडलो. शेजारचा वायरमन पक्कड टाकून बघायला लागला.

शेवटी तात्या म्हणाले, असाच कारभार पुढे चालू ठेवायचा ना? आणि माझी बायको म्हणाली, “नाय महाराजा.”

गाऱ्हाण्याला नाही म्हणायची आपल्यात रीतच नाही. तात्या म्हणाले, “काय गो, देवाच्या कामात आडवी येतंस?”

“देवाचा नाय तात्या, शाळेचा काम हा. रंग चांगला झालाय, माका आवडला. पण भिंती बोलक्या झाल्या नि पोरां मुकी रवली, त्याचा काय?”

मग तिने तुमची कौलं सांगितली, मी तिला कधीतरी सांगितलेली. म्हणाली, दर महिन्याला आणलेली वस्तू अंगणात मांडायची आणि पोरांनी पायरीवर वाचायचं. मला शाळेच्या बाईंची काळजी वाटली. घाटावरून आलेली तरुण मुलगी, सगळे वर्ग एकटीवर, त्यात फोनवर माहिती भरण्यात अर्धा दिवस जातो. पण बाई हळूच म्हणाल्या की पोरं वाचतात का हे इथे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. विचारलंत तर मलाही बरं. रोज दुपारी दोघी आया येऊन लहान पोरांना सांभाळतील, असं तिथल्या तिथे ठरलं.

तात्या फुगले. “मग तूच हो अध्यक्ष,” म्हणाले. त्यांनी तो टोमणाच मारला होता, पण मागच्या बायकांनी हात वर केले. त्यात एक हात त्यांच्या सुनेचा. तात्या त्या हाताकडे बघत राहिले, मग स्वतःच हसले आणि देवळातला आवाज काढून म्हणाले, “आजपासून ही बाय शाळेची राखण करील!” पुढचं मला ऐकूच आलं नाही, इतका गलका झाला.

परवा पहिलं वाचन झालं, फोन पुन्हा खिडकीत टेकवलेला. मुलगी पायरीवर उभी राहिली, एका शब्दापाशी अडली. बायको तोंडाला पदर लावून उभी, पण सांगितलं नाही. पोरीने अक्षराअक्षराने तो शब्द फोडला आणि पुढे गेली. गुरुजी, मी इथे एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तुम्ही तर देवाघरी, हे पत्र पाठवायचं कुठे, बॅगेतच राहील. आणि एक सांगतो, बायकोला कळू देऊ नका. तिने नवा नियम काढलाय: गणपतीला येणाऱ्या प्रत्येक बापाने पोरासोबत पायरीवर एक धडा वाचायचा. सूट कुणालाच नाही. म्हणून मी पोरीच्या पुस्तकाचे फोटो मागवलेत, आणि जेवणाच्या सुट्टीत प्लेटींच्या सावलीत बसून, बोट ठेवून तिसरीचा धडा वाचतोय. अजून अर्धाच झालाय.