पिकअपची भोकं आणि साडूचा स्वभाव

३ मार्च, रविवार
सासरेबुवांची पिकअप अखेर आमच्या दारात आली. थोरला जावई म्हणून ती माझ्याकडेच येणार, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. (साडूच्या अंगणात जागा नव्हती म्हणून आली, असं बायको म्हणते. तो तपशील झाला.)
या गाडीतून सासरेबुवांनी आयुष्यभर नर्सरीची रोपं आणि माती वाहिली. आता नजर अधू झाल्याने चालवत नाहीत. इंजिन ठणठणीत आहे. केबिनला तेवढी गंजाने भोकं पडली आहेत. ३१ तारखेला त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी गाडीत बसून जुन्या नर्सरीपर्यंत एक चक्कर मारायची, एवढीच त्यांची इच्छा. मी शब्द दिला. साडू लगेच म्हणाला, मी येतो मदतीला. त्याला कोणी विचारलं होतं?
साडू बँकेत आहे. एकदा एक भंगार जीप दुरुस्त केली, तेव्हापासून सासरेबुवा उठता बसता म्हणतात, ‘धाकट्यांच्या हाताला गुण आहे.’ मला इतक्या वर्षांत फक्त ‘जेवून जा’ म्हणाले आहेत. मला काही वाटत नाही. नोंद म्हणून लिहिलं.

४ मार्च, सोमवार. सकाळी
कसून पाहणी. शेजारच्या सीटपुढच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. स्क्रूड्रायव्हर चांगल्या प्रतीचा आहे. काचेखालीही दोन भोकं, वेडीवाकडी.
दारांच्या तळाशी मात्र नवलच. दोन्हीकडे सारख्या अंतरावर, सारख्या आकाराची गोल भोकं. गंजसुद्धा किती शिस्तीने खातो! सासरेबुवांची गाडी, त्यांचंच वळण असणार.
संकल्प: एकही भोक शिल्लक ठेवायचं नाही.

१० मार्च, रविवार
साडू ग्राइंडर घेऊन हजर. न बोलावता. म्हणे, कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, मग प्रायमर, मग रंग. तळाला नुसती पुट्टी टिकणार नाही म्हणे. म्हणजे गाडी दुरुस्त करायची तर आधी आणखी मोठी भोकं पाडायची! हा बँकेत लोकांना काय सल्ले देत असेल?
दारांच्या तळाबद्दलही काहीतरी सांगायला लागला, तेव्हा मी चहा आणायला आत गेलो आणि तो जाईपर्यंत बाहेर आलो नाही. बायको म्हणाली, शोभतं का हे? मी म्हणालो, तो मला पाण्यात पाहतो. ती म्हणाली, तो तुझ्याकडे पाहतच नाही. हे तर जास्तच लागलं.

१६ मार्च, शनिवार
माझी स्वतःची पद्धत: भोकात वर्तमानपत्राचे बोळे, वर बारीक जाळी, त्यावर पुट्टी. तळ एका दुपारीत गुळगुळीत. दारांची गोल भोकं तर इतकी सुबक बुजली की पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं. बायकोने विचारलं, कागद ओला नाही का होणार? म्हटलं, ओला व्हायला पाणी आत यायला हवं.

१७ मार्च, रविवार
खांदा दुखतोय. विश्रांती. साडूने फॅमिली ग्रुपवर जीपचा फोटो टाकला. नेमका आजच. सगळ्यांचे अंगठे. मी पिकअपचा टाकला. एकच अंगठा, बायकोचा. तोही चुकून दाबला गेला, असं कळलं.

२४ मार्च, रविवार
रंग मारला. गाडी हिरवी, रंग हिरवा. दोन हिरव्यांत थोडे मतभेद आहेत. लांबून दिसत नाहीत. सासरेबुवांना तर जवळूनही दिसणार नाहीत.
आज सारखं मनात येत होतं, ते काय म्हणतील? ‘गुण आहे’ एवढं म्हणाले तरी पुरे. पण साडूसमोर म्हणायला हवं.

३० मार्च, शनिवार
पाइप लावून गाडी मनसोक्त धुतली. काचांवरून पाण्याचे लोट सोडले. खाली एक थेंब गळाला नाही! एवढं पाणी गेलं कुठे, कोण जाणे. दारं आता काय भारदस्त लागतात! जुन्या गाड्यांचं वजनच वेगळं. साडूच्या जीपचं दार डब्याच्या झाकणासारखं वाजतं.

३१ मार्च, रविवार. संध्याकाळी
सगळे जमले होते. सासरेबुवा गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. मी साडूकडे पाहिलं. तो दारांच्या तळाकडे पाहत होता.
निघालो. पहिल्या वळणावर दारातून खळखळ आवाज. मी म्हणालो, पेट्रोल भरपूर आहे. दुसऱ्या वळणावर दाराच्या आतल्या हँडलमागून पाणी आलं आणि सासरेबुवांच्या मांडीवर सांडलं. त्यांनी रुमाल काढला. तेवढ्यात समोर सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक दाबला. शेजारी बसून त्यांनीही दाबला, जुनी सवय. त्यांचा पाय तळातून घोट्यापर्यंत खाली गेला. बूट रस्त्यावर.
नर्सरीचं फाटक समोर दिसत होतं. तिथपर्यंत पोचलो नाही. लागलं नाही त्यांना, देवाची कृपा.
त्यांनी बोळा उलगडून पाहिला. मग वाकून दाराचा तळ चाचपला आणि शांतपणे म्हणाले, ‘जावईबापू, ही भोकं गंजाची नव्हेत. पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेली असतात.’
मग साडूला फोन केला. मीच. त्यांनी करायला लावला.

७ एप्रिल, रविवार
साडूने तळ कापला, नवा पत्रा बसवला. दारांची भोकं मोकळी केली. माझ्याकडे टॉर्च. वेल्डिंग थंड झाल्यावर सासरेबुवांनी पत्र्यावर हात फिरवला. ‘धाकट्यांच्या हाताला गुण आहे,’ म्हणाले. मग माझ्याकडे वळले. जरा विचार करावा लागला त्यांना. म्हणाले, ‘टॉर्च धरताना तुमचा हात अजिबात हलत नाही.’
साडूने हे ऐकलं की नाही, नक्की कळेना. म्हणून मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.
मग ते दोघे नर्सरीपर्यंत चक्कर मारून आले. पुढे दोनच सीट आहेत.